साधं रक्त

११ नोव्हेंबर, सोमवार

जुळलं.

डॉक्टर मॅडमचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी प्रेसमध्ये एका लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचत होतो. त्या म्हणाल्या, "गुरु, तुमचं आणि महेश्वरचं पूर्ण जुळलंय. सख्ख्या भावांतसुद्धा हे चारात एकदा होतं." मी "बरं मॅडम" म्हणालो आणि पुन्हा प्रूफ वाचायला लागलो. वधूच्या मामाचं नाव दोनदा पडलं होतं. ते काढलं. 

महेश्वरला, म्हणजे अण्णाला, या उन्हाळ्यात रक्ताचा कॅन्सर निघाला. एचआयव्ही त्याला आठ वर्षांपासून आहेच. त्याच्या गोळ्या तो न चुकता घेतो. केमोने कॅन्सर दबला आहे, पण मॅडम म्हणतात की तो परत येणार आणि परत आला की आवरणार नाही. उपाय एकच. दुसऱ्या कुणाच्या तरी रक्तातल्या मूळ पेशी, ज्यांना स्टेम सेल म्हणतात, त्या अण्णाच्या अंगात सोडायच्या. ते दुसरं कुणीतरी म्हणजे मी.

मला सुईची भीती वाटते. हे इथे लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज जेवताना विषय काढला. आप्पा, आमचे वडील, गेल्यापासून त्यांचे थोरले भाऊ कल्लप्पा, आमचे दोड्डप्पा, हेच शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराचे कर्ते आहेत. एचआयव्हीचं कळलं तेव्हा त्यांनीच अण्णाला घराबाहेर काढलं. अण्णा होटगी रोडला खोली घेऊन राहतो आणि टेम्पो चालवतो, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत चालवायचा.

"पाठीच्या कण्यात सुई घालत्यात," दोड्डप्पा म्हणाले. "मज्जा काढली की माणूस कामातनं गेला. मैंदर्गीचं स्थळ चालून आलंय तुला. त्यांना काय सांगू, नवरदेव वाकलाय म्हणून?"

"कण्यातून नाही काढत, दोड्डप्पा. हाताच्या शिरेतून रक्त घेतात, मशीनमधून फिरवतात, पेशी तेवढ्या ठेवून घेतात आणि रक्त परत सोडतात."

"परत सोडत्यात! आन् त्या मशीनीतनं आधी कुणाचं फिरलंय ते?"

"प्रत्येकाला नवीन नळ्या असतात."

"अकरावीतनं शाळा सोडलास, आन् मला मशीन शिकवतोस की." मग हात धुता धुता म्हणाले, "त्याचं रक्तच नासलंय. त्यात तुझं कशाला घालतोस?"

मी अव्वाकडे, म्हणजे आईकडे, पाहिलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मोठी माणसं सांगत्यात ते ऐकावं, तम्मा." म्हणजे तीही त्यांच्याच बाजूची.

२१ नोव्हेंबर

अव्वा माझ्या खाण्याच्या मागे लागली आहे. सकाळी अळिवाचा लाडू, दुपारच्या डब्यात बीट, संध्याकाळी खजूर आणि गूळ-शेंगदाणे. मी म्हणालो, पुरे. तर म्हणाली, "गप खा. अंगात रक्त न्हाई तुझ्या." मुलीकडचे बघायला येणार म्हणून मला जाड करायचं चाललंय बहुतेक.

२४ नोव्हेंबर, रविवार

अण्णाकडे गेलो. त्याने पेपरचं कात्रण उशाखाली जपून ठेवलं आहे. परदेशात काही माणसांना असाच रक्ताचा कॅन्सर आणि एचआयव्ही दोन्ही होते. स्टेम सेल बदलल्यावर दोन्ही गेले, असं त्यात आहे.

"एका तिकिटात दोन पिक्चर, गुर्‍या," अण्णा म्हणाला. केस गेल्यामुळे हसताना त्याचे कान फार मोठे दिसतात. "कॅन्सर पण जाणार, ते पण जाणार. मग दोड्डप्पाच्या मांडीवर जाऊन बसतो बघ."

तिथेच जेवलो. भाकरी आणि शेंगाचटणी होती. मी विचारलं, डबा कोण देतं? म्हणाला, "हाय एक शेजारीण." चटणी थेट आमच्या घरच्यासारखी होती. सोलापुरात शेंगाचटणी सगळीकडे सारखीच लागते.

२ डिसेंबर, सोमवार. पुणे

मॅडमना कात्रण दाखवलं. त्यांनी ते नीट वाचलं, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे खरं आहे. पण यातल्या बहुतेकांना ज्यांनी पेशी दिल्या, ती माणसं जन्मानेच वेगळी होती. एचआयव्हीचा विषाणू पेशीत ज्या दाराने शिरतो, ते दारच त्यांच्या पेशींना नव्हतं. आपल्याकडे असा माणूस जवळजवळ सापडतच नाही. एखाद्याला साध्या दात्याच्या पेशींनीही गुण आलाय, पण त्या भरवशावर मी कुणाला ठेवत नाही. कॅन्सर नसेल तर हे प्रत्यारोपण एचआयव्हीसाठी कुणीच करत नाही. यात माणूस दगावू शकतो."

मी विचारलं, माझ्या पेशींना दार आहे की नाही, हे तपासता येतं का?

त्या म्हणाल्या, "कशाला? तुमच्या पेशी तशाही लागणारच आहेत."

मग मी त्यांना ते सांगितलं. अण्णाचा एचआयव्ही कळायच्या आधीची गोष्ट आहे. त्याच्या टेम्पोला अपघात झाला होता. कपाळ फुटलं होतं आणि दवाखाना येईपर्यंत मी ते हाताने दाबून धरलं होतं. त्या दिवशी पत्रिका कापताना माझा अंगठा कटरने चिरलेला होता. पुढे तीनदा तपासलं, मला काही झालं नाही. म्हणजे मी त्या जन्मानेच वेगळ्या माणसांतला असू शकतो.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "एकदा रक्त लागलं की होतंच असं नाही, गुरु." पण त्यांनी नमुना पाठवला.

अण्णाला अजून सांगितलेलं नाही. मला मात्र आतून खात्री वाटते आहे. आयुष्यात मी कशातच वेगळा निघालो नाही. यात निघेन.

१५ डिसेंबर, रविवार

मैंदर्गीचे लोक येऊन गेले. मुलीचं नाव श्रीदेवी. तिथे मेडिकलच्या दुकानात बसते. तिने मला एकच प्रश्न विचारला, प्रेसमध्ये नेमकं काय करता? मी म्हणालो, लोकांची नावं चुकू देत नाही. ती हसली. का हसली ते कळलं नाही.

अव्वा लोकरीची कानटोपी विणते आहे. माझ्या डोक्याला सैल होईल असं सांगितलं, तर म्हणाली, "पुण्यात थंडी असती का रे लई?" पुण्याला मी दिवसाचाच जातो, टोपी कशाला?

२६ डिसेंबर, गुरुवार

रिपोर्ट आला. माझ्या पेशींना दार आहे. सगळ्यांना असतं तसंच.

 संध्याकाळी अण्णाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. अंगठ्याचं, नमुन्याचं, दाराचं.  मग त्याने उशाखालचं कात्रण काढून चुरगळलं आणि कोपऱ्यात फेकलं.

"म्हणजे ते राहणार."

"राहणार. गोळ्या चालू राहणार. कॅन्सर जाईल फक्त. तोही जाईलच असं नाही."

"मग तू कशाला सुई टोचून घेतोस? दोड्डप्पा बरोबर बोलतोय. लग्न कर, सुखानं राहा. एवढं करून मी राहणार तसाच, नासका."

मला राग आला. असा राग मला येत नाही, म्हणून लिहून ठेवतो. मी म्हणालो, "वेगळं रक्त माझ्याकडे नाही. साधं आहे. साधं देणार. नको म्हणालास तरी देणार."

अण्णा म्हणाला, "आवाज चढवायला कधी शिकलास रे?"



१३ जानेवारी, सोमवार

यात्रा. प्रेस बंद. नंदीध्वजांची, म्हणजे देवाच्या उंच काठ्यांची, मिरवणूक बघायला अण्णा आला होता, तोंडाला मास्क बांधून, रस्त्याच्या कडेला. पूर्वी तो कमरेच्या पट्ट्यात नंदीध्वज तोलून चालायचा तेव्हा आम्ही पोरं त्याच्या पुढे पळायचो. आज दोड्डप्पा पांढऱ्या बाराबंदीत समोरून गेले. त्यांनी अण्णाला पाहिलं आणि मान फिरवली. अण्णा मोठ्याने म्हणाला, "बाराबंदी घट्ट झालीय की, दोड्डप्पा!" आजूबाजूचे हसले. मी पण हसलो, आणि लगेच वाटलं की हसायला नको होतं.

परवा तो पुण्याला दाखल होतो आहे. ऑपरेशनच्या खर्चाचं तिथल्या समाजसेविकेने ट्रस्टमधून जमवलं.

२७ जानेवारी, सोमवार. पुणे

मॅडमनी मला वेगळं बसवलं. म्हणाल्या, "आज दुपारपासून महेश्वरला जी औषधं देणार आहोत, त्यांनी त्याची स्वतःची मज्जा पूर्ण जळून जाईल. त्यानंतर त्याच्या अंगात रक्त तयार होणार नाही. पाच तारखेला तुमच्या पेशी मिळाल्या नाहीत तर तो वाचणार नाही. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा. मी कुणालाही कारण सांगणार नाही. दुपारनंतर मात्र नाही म्हणता येणार नाही."

मी विचारलं, "बाथरूमला जाऊन येऊ का?"

 तोंड धुतलं, परत आलो, आणि हो म्हणालो.

पेशी वाढण्यासाठी एक ते चार तारखेपर्यंत रोज सकाळी मला इंजेक्शन घ्यायचं आहे, पोटाच्या कातडीत. नर्सने मागच्या खेपेलाच शिकवलं होतं. घरी सराव म्हणून वांग्याला सुई टोचतो. आतापर्यंत वांग्याने तक्रार केलेली नाही.

२९ जानेवारी

दोड्डप्पांनी साखरपुडा ठरवला. दोन तारखेला, रविवारी, मैंदर्गीत. मी म्हणालो, तेव्हा माझी इंजेक्शनं आहेत. "एक दिवसाचं काम हाय. सकाळी जायचं, संध्याकाळी माघारी. एवढं पण जमत न्हाई?" अव्वा म्हणाली, "जाऊन येऊ की." पहिलं इंजेक्शन पुण्यात घेऊन शनिवारी परत यायला मॅडमनी परवानगी दिली, नाराजीनेच. सोमवारी सकाळी मी पुण्यात हवा.

२ फेब्रुवारी, रविवार. रात्र, पुण्याच्या गाडीत

घडलं तसं लिहितो.

काल पहिल्या इंजेक्शनने कमरेची आणि मांड्यांची हाडं ठणकायला लागली. आजची आणि उद्याची सुई थर्मासमध्ये बर्फात ठेवून सकाळी पिशवीत घातली होती. मैंदर्गीत मुलीच्या घरी पुढच्या सोप्यात सतरंजीवर सगळे बसले होते. श्रीदेवीचे आजोबा गुरुसिद्धप्पा यांनी रीतीप्रमाणे घराण्याची चौकशी सुरू केली. मठ कुठला, आजोळ कुठलं, आणि मग विचारलं, "अण्णतम्मरु एष्टु मंदी?" भाऊ किती?

दोड्डप्पा म्हणाले, "ओब्बने." एकटाच.

मी गप्प राहिलो. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण मी गप्प राहिलो.

अकरा वाजत आले, इंजेक्शनची वेळ झाली, तशी पिशवी उघडली. थर्मास नव्हता. सगळं उपसलं, नव्हताच. दोड्डप्पा कानाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "जीपमधनं काढून घरीच ठेवलाय मी. शुभ दिवशी सुया कशाला? आन् ऐक, उद्या या लोकांबरोबर गुड्डापूरला दानम्माच्या दर्शनाला जायचं ठरलंय. पुण्याला परवा तेरवा जा. दवाखान्यातनं पेशंट कुठं पळून जातोय काय?"

 अण्णाची मज्जा जळून गेलेली आहे आणि सुया सोलापुरात, कुलपात. मी म्हणालो, "तो मरेल." आवाज बाहेर आला की नाही, तेही ठाऊक नाही.

तेवढ्यात अव्वा आतल्या बायकांतून उठून सोप्याच्या उंबऱ्यात आली. तिच्या हातात ताकाचा स्टीलचा थर्मास होता. एवढ्या पुरुषांच्या बैठकीत ती कधी येत नाही.

"तम्मा, तुझं ताक," ती म्हणाली. "वेळ झाली की न्हाई?"

झाकण उघडलं. आत बर्फ होता. बर्फात दोन्ही सुया होत्या.

दोड्डप्पा म्हणाले, "सावित्रम्मा!"

अव्वा म्हणाली, "तुमी नेला तो मोकळा हुता, भावजी."

मी सतरंजीवरच बसलो. शर्ट वर केला. पहिल्यांदा टोपणच निघेना. सगळा सोपा बघत होता. सुई गेली. वांग्यापेक्षा सोपं नाही, पण गेली.

गुरुसिद्धप्पा म्हणाले, "हे काय, रे तम्मा? साखर हाय तुला?"

"नाही अज्जा. माझ्या मोठ्या भावासाठी आहे हे. मघाशी चुकीचं सांगितलं गेलं आणि मी ऐकून घेतलं. आम्ही इब्बरु, दोघं भाऊ. त्याचं नाव महेश्वर. त्याला रक्ताचा कॅन्सर आहे आणि एचआयव्ही पण आहे. बुधवारी त्याला माझ्या रक्तातल्या पेशी द्यायच्या आहेत. आज रात्री मी पुण्याला जाणार. कुणाला चालत नसेल तर साखरपुडा मोडा. भाऊ मोडणार नाही."

एवढं सलग मी आयुष्यात बोललो नव्हतो.

 आतल्या दारातून श्रीदेवीने विचारलं, "दुखतं का?"

"हो."

"कुठं?"

"हाडात."

ती वळून आत गेली. संपलं, असं मी समजलो. थोड्या वेळाने ती हुग्गीची, गव्हाच्या खिरीची, वाटी घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "या इंजेक्शनाला हाडं दुखतातच. आमच्या दुकानात पॅरासिटामॉल आहे, पण डॉक्टरांना विचारून घ्या. दोन वाजता अक्कलकोटची एसटी आहे." लवकर निघा, असंच तिला सुचवायचं असणार.

दोड्डप्पा जीप घेऊन निघून गेले. मी आणि अव्वा एसटीने आलो. अव्वा शेजारच्या सीटवर झोपली आहे. तिच्या मांडीवर ती कानटोपी आहे. ती आधीपासूनच पुण्याला यायच्या तयारीने निघाली होती, असं दिसतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

दोन्ही हातांत सुया, पाच तास. हलायचं नाही. नाक खाजलं तर अव्वा पदराने पुसायची. मशीनवर पिशवी हळूहळू भरत गेली, टोमॅटोच्या साराच्या रंगाची. मी विचारलं, एवढंच? नर्स म्हणाली, एवढंच.

अण्णाच्या खोलीत कुणाला जाऊ देत नाहीत. काचेतून पाहिलं. डोक्यावर कानटोपी होती. नर्सने ती निर्जंतुक करून दिली म्हणे. त्याला ती बरोब्बर बसली.

पिशवी लावली तेव्हा त्याने मला हाताने खूण केली, मिशीला पीळ द्यायची. त्याला मिशी नाही. भुवयासुद्धा नाहीत.

अव्वाने काचेवर तळहात टेकवला आणि बराच वेळ काढला नाही. मी विचारलं, "अव्वा, होटगी रोडला डबा तूच द्यायचीस का?" ती म्हणाली, "आत्ता कळालं व्हय तुला?"

८ फेब्रुवारी

श्रीदेवीचा फोन आला होता. हाडं थांबली का, एवढंच विचारलं. परवाही आला होता. तिला नकार सांगायचा असेल आणि धीर होत नसेल. उद्या तिने केला तर मीच विषय काढतो.

९ फेब्रुवारी

काढला. ती म्हणाली, "तुमच्या प्रेसमध्ये पत्रिका फुकट छापून मिळते का, ते विचारायचं होतं." मी म्हणालो, कर्मचाऱ्यांना मिळते. ती म्हणाली, "मग झालं." 

२२ फेब्रुवारी, शनिवार

अण्णाच्या रक्तात पांढऱ्या पेशी दिसायला लागल्या. माझ्या आहेत. मधले चार दिवस फार वाईट गेले, त्याबद्दल मी काही लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. आज त्याने फोन केला. आवाज चाळणीतून आल्यासारखा येत होता.

"गुर्‍या, एक घोटाळा झालाय. सुई बघितली की भ्या वाटायला लागलंय मला. तुझ्या पेशी वापस घे."

२ मे, शुक्रवार

अण्णाचा रक्तगट बदलला. आधी बी होता. आता ओ, माझा. कॅन्सर सध्या कुठे दिसत नाही. मॅडम म्हणाल्या, पुढची दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून राहायचं. एचआयव्हीच्या गोळ्या चालू. अण्णाने मुद्दाम विचारलं, "मॅडम, ते थोडं पण गेलं न्हाई?" त्या म्हणाल्या, "गोळ्यांखाली दबलेलं आहे. आधीही दबलेलंच होतं. गोळी चुकवलीत तर मी स्वतः सोलापूरला येईन." तो म्हणाला, "या की. शेंगाचटणी देतो."

संध्याकाळी अव्वाने त्याला घरी आणलं. शुक्रवार पेठेत, पुढच्या दाराने. दोड्डप्पा माडीवरून खाली आले नाहीत.

७ मे, बुधवार

लग्न २५ मेला. माझी पत्रिका मीच जुळवली. 'आपले विनीत' खाली घरातल्या पुरुषांची नावं वयाप्रमाणे येतात. पहिलं दोड्डप्पांचं, दुसरं अण्णाचं.

दुपारी दोड्डप्पा प्रेसमध्ये आले. चष्मा लावून स्क्रीनकडे बघत राहिले.

"हे नाव काढ."

"का?"

"सगळ्या पाव्हण्यांत ही पत्रिका जाणार. नासक्या रक्ताचा माणूस आमच्या घराण्याच्या नावाखाली?"

मी म्हणालो, "दोड्डप्पा, त्याच्या अंगात आता जे रक्त तयार होतंय ते माझं आहे. तपासून घ्या. ते नासकं असेल तर नवरदेवाचंच नाव काढावं लागेल."

मालक मागच्या टेबलावरून खोकले. दोड्डप्पांचा चेहरा लाल झाला.

"शेवटचं सांगतो. त्याचं नाव असंल तर माझं नको."

माझा हात माऊसवर होता. 

"बरं," मी म्हणालो, आणि त्यांचं नाव काढलं. अण्णाचं आपोआप पहिल्या ओळीत वर सरकलं.

ते गेल्यावर पूर्ण पत्रिका दोनदा वाचली. एकही चूक नव्हती. छपाईला दिली.